टँकचा एक तास आमच्या पोरांसाठी ठेवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात सुट्टीतल्या शिबिरांची पुरवणी आली, त्यात पोहण्याच्या क्लासेसना अख्खं पान होतं, कुठला टँक किती वाजता, फी किती, लेडीज बॅच कधी, सगळं व्यवस्थित दिलंय, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते पान अजून फिरतंय. पण पूर्ण पान दोनदा वाचलं तरी स्पेशल मुलांसाठी एक ओळ सापडली नाही. दोष तुमचा नाही म्हणा, तशी बॅचच कुठे नाही तर तुम्ही छापणार काय. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल, फक्त शेवटी जे मागितलंय ते कापू नका. मी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस, हाताला पान्ह्याची सवय, त्यात हे फोनवर टाईप करतोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

नातू अकरा वर्षांचा. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे, बोलतो मोजकंच, कळतं मात्र बरंच. मुलगा आणि सूनबाई दोघं नोकरीवर, त्यामुळे शाळा सुटल्यावरची ड्युटी माझी. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, स्पेशल एज्युकेटर, आठवडाभर कुठे ना कुठे जायचं असतंच, आणि सगळीकडे टेबलाच्या पलीकडे कोणीतरी बसलेलं, हे कर ते कर म्हणणारं. ती माणसं चांगलीच आहेत, तक्रार नाही. त्यातल्या ओटीच्या मॅडमनीच एकदा सुचवलं की याला पाण्यात घाला. घरात सगळे हसलो. कारण याच्या डोक्यावरून आंघोळीचं पाणी घ्यायचं म्हणजे असा आरडाओरडा की खालच्या मजल्यावरचे लोक बेल वाजवून विचारायचे, सगळं ठीक आहे ना.

ओळखीने एक जुने सर मिळाले, पोरांना पोहायला शिकवण्यात उभी हयात गेलेली. ते म्हणाले, येताना घरातला आंघोळीचा तांब्या घेऊन या. एवढंच. आता तांब्या घेऊन टँकवर जायचं म्हणजे लोक बघतात, पण घेऊन गेलो. सर कंबरभर पाण्यात उभे, पोरगं पायरीवर बसलेलं, तळपाय सुद्धा ओले करायला तयार नाही. सरांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. तांब्या भरायचा, स्वतःच्या डोक्यावर ओतायचा, परत भरायचा, परत ओतायचा. शिट्टी नाही, चल बाळा नाही, चॉकलेटची लाच नाही. बराच वेळ गेला, मला तर वाटलं आजचा दिवस वाया, आणि याने हात पुढे केला, तांब्या घेतला आणि सरांच्या टकलावर रिकामा केला आणि खळखळून हसला. मग स्वतःच्या गुडघ्यावर, मग पोटावर. डोक्यापर्यंत यायला पुढे बरेच आठवडे लागले, पण ते त्याचं त्याने केलं, कोणी ओतलं नाही. आज हा उताणा तरंगतो, कान पाण्याखाली. बाहेरचा सगळा कलकलाट बंद झाल्यावर या पोराचा चेहरा कसा होतो ते त्याच्या आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती काठावर बसून रडली. घरातली आंघोळ आता भांडणाशिवाय होते आणि पोहून आलेल्या रात्री नऊच्या आत झोप, नाहीतर आमच्याकडे रात्री एक-एक वाजेपर्यंत येरझाऱ्या चालायच्या.

आता कोणी म्हणेल ही आजोबांची माया बोलतेय. तर तसं नाही, पाणी नेमकं काय करतं हे मी फिजिओला आणि ओटीच्या मॅडमना खोदून खोदून विचारलंय, आणि वर्कशॉपमध्ये आयुष्य गेल्यामुळे ते पटकन डोक्यात बसलं. कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायावर साधारण निम्मंच वजन येतं, छातीएवढ्या पाण्यात तिसरा हिस्सा, आणि गळ्यापर्यंत गेलं की जेमतेम दहा टक्के. गाडी जॅकवर घेतली की जे चाक जमिनीवर तसूभर हलत नव्हतं ते एका हाताने फिरतं, तसं. सेरेब्रल पाल्सीच्या म्हणजे सीपीच्या पोरांचे स्नायू सतत आखडलेले, त्यांना जमिनीवर एक पाऊल टाकायला अख्ख्या अंगाची ताकद लावावी लागते, पाण्यात तेच पाऊल सहज पडतं. शिवाय पाणी कोमट असेल तर स्नायू सैल पडतात. रविवारी पोहायला जमणाऱ्या आमच्या चार-पाच घरांत एक नऊ वर्षांची मुलगी येते, जमिनीवर वॉकरशिवाय दोन पावलं नाहीत, पाय एकमेकांत अडकतात. छातीभर पाण्यात ती वडिलांचं फक्त एक बोट धरून चालते. मध्येच ते बोट पण सोडते आणि बाबाकडे असं बघते की बस.

दुसरी गोष्ट, पाण्यात पडायला वेळ लागतो. जमिनीवर तोल गेला की पोरगं सावरायच्या आत आपटलेलं असतं, पाणी मात्र अडवतं, हळूहळू खाली नेतं, तेवढ्या वेळात शरीराला कळतं की तोल गेलाय आणि हात कुठे टाकायचा. तोल सावरायची ही प्रॅक्टिस जमिनीवर करायची तर गुडघे फुटतील.

तिसरी म्हणजे दाब. ऑटिझमच्या बऱ्याच पोरांना घट्ट दाबून धरलेलं आवडतं, आमचा तर गादीखाली जाऊन झोपायचा, थेरपीवाले त्यासाठी वजनदार जॅकेट नाहीतर जड पांघरूण देतात. पाणी तेच काम गळ्यापर्यंत सगळीकडून करतं आणि त्याचं बिल येत नाही. छातीवर पण तो दाब असतो, त्यामुळे श्वास घ्यायला थोडी मेहनत पडते, फुफ्फुसांना तो व्यायामच. आणि पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढणं, ज्याला सर बबलिंग म्हणतात, त्यात ओठ आवळणं, लांब श्वास सोडणं, सगळं येतं. स्पीचच्या मॅडम हेच मेणबत्ती फुंकायला लावून, स्ट्रॉने पाण्यात फुंकायला लावून करून घेत होत्या, तिकडे हा तोंड फिरवायचा. टँकमध्ये थांब म्हटलं तरी थांबत नाही.

पण स्पष्टच सांगतो, पोहण्याने ऑटिझम बरा होत नाही, सीपी जात नाही, डाऊन सिंड्रोम जात नाही. असं कोणी क्लासच्या जाहिरातीत लिहिलं असेल तर त्याला चार हात लांब ठेवा. या विषयावरचे जगभरातले अभ्यास बहुतेक छोट्या छोट्या गटांवरचे आहेत, मोठे दावे करायला कोणी जाऊ नये. थेरपी सोडून फक्त पाण्यात टाका असंही मी म्हणत नाही. या पोरांच्या आयुष्यात बाकीच्या पोरांसारखं खेळणं जवळजवळ नसतंच, क्रिकेटमध्ये कोणी घेत नाही, कबड्डीत कोणी घेत नाही, आणि पोहणं हा असा खेळ आहे की जिथे टीममध्ये निवडून घ्यायला कोणी लागत नाही. मला एवढंच म्हणायचंय.

आणि हे काय आजचं फॅड नाही. लंडनजवळ साउथगेटला हॅलिविक नावाची अपंग मुलींची शाळा होती, तिथे १९४९ मध्ये जेम्स मॅकमिलन नावाच्या इंजिनिअरने या मुलींना पोहायला शिकवायला घेतलं. डॉक्टर नव्हे, इंजिनिअर, हे वाचून मला बरं वाटलं. पाण्यात शरीर का तरंगतं, का गिरकी घेतं याचा विचार करून त्याने दहा पायऱ्यांची पद्धत बसवली, ती हॅलिविक पद्धत म्हणून आज देशोदेशी चालते. त्यातल्या दोन गोष्टी आपल्याकडच्या कोचेसनी वाचाव्यात. एक म्हणजे ट्यूब, हवेचे दंडपट्टे, काही बांधायचं नाही, प्रत्येक मुलाबरोबर एक माणूस पाण्यात. दुसरं म्हणजे हात मारणं, पाय मारणं सगळं नंतर, आधी पाण्याशी मन जुळू दे, श्वास जमू दे, आणि उताणं पडल्यावर परत उभं कसं राहायचं ते येऊ दे. आपल्याकडे उलटा कारभार, पहिल्या दिवशी बार धरून किक मारा, ज्याला जमत नाही तो रडतो, दुसऱ्या दिवसापासून बंद. आम्ही गावाकडे विहिरीत शिकलो, पाठीला पत्र्याचा डबा बांधून काकांनी वरून ढकललेलं, नाकातोंडात पाणी जाऊन शिकलो, त्याचं फार कौतुक सांगतात लोक. या पोरांना असं एकदा ढकललंत तर ती पाच वर्षं पाण्याजवळ येणार नाहीत, हे माझ्या वयाच्या आजोबा मंडळींना मुद्दाम सांगतो, कारण नातवाला ढकलायची खुमखुमी आपल्यालाच जास्त.

काळजी घ्यायच्या गोष्टी पण आहेत, त्या झाकून ठेवून चालणार नाही. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांचे मानेचे सांधे ढिले असतात, त्यामुळे डॉक्टरला मान दाखवल्याशिवाय डोक्यावर सूर मारू द्यायचा नाही, आणि यातल्या बऱ्याच मुलांना हृदयाचा जन्मजात त्रास असतो, तेही विचारून घ्यायचं. फिट येणाऱ्या मुलाला एकटं कधीच नाही, हाताच्या अंतरावर असा माणूस पाहिजे ज्याला फिट ओळखता येते. कानाचं मशीन किंवा कॉक्लियर इम्प्लांट असलेली मुलं बाहेरचा भाग काढून पाण्यात उतरतात, मग त्यांना तुमची शिट्टीच ऐकू येत नाही, त्यांच्याशी हाताच्या खुणांनी बोलायचं हे आधी ठरवून घ्यावं लागतं. आणि थंड पाणी सीपीला वाईट, स्नायू अजून आखडतात. थेरपीच्या टँकमध्ये पाणी ३२-३४ डिग्रीला ठेवतात, आपले उघडे टँक तेवढे गरम कुठून असणार, पण एप्रिल-मे मध्ये दुपारी तीन-चारला आपल्याकडचं पाणी छान कोमट झालेलं असतं. डिसेंबरात पहाटे सहाची बॅच या पोरांना देऊन उपकार करू नका म्हणजे झालं.

एक फार गंभीर गोष्ट राहिली. ऑटिझमच्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते, आणि त्यातली बरीच नजर चुकवून घरातून निघून जाणारी. ही दोन्ही एकत्र आली की काय होतं ते सांगायला नको. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी २०१७ मध्ये मृत्यूच्या नोंदी तपासून मांडलं की ऑटिझम असलेल्या लहान मुलांमध्ये बुडून मरण्याचा धोका इतर मुलांच्या तुलनेत १६० पट आहे. तो त्यांच्याकडचा आकडा. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी आहेत, कॅनॉल आहेत, बांधकामाचे खड्डे आहेत आणि आता गावोगाव शेततळी. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, ओला झाला की त्यावर पट्टीच्या पोहणाऱ्याचा पाय टिकत नाही, काठाला दोर नसेल तर बाहेर येणं मुश्कील. अशा पोराला पाण्यापासून लांब ठेवा हा सल्ला बरा आहे पण तो कायमचा पुरत नाही, त्याला उताणं होऊन तरंगायला आणि काठ पकडायला यायला हवं. पोहायला आलं म्हणजे नजर काढली तरी चालेल असं मात्र अजिबात नाही, दाराला वरची कडी आमच्याकडे आजही आहे.

आता थोडं हिरो लोकांबद्दल. जिया राय माहीत असेल सगळ्यांना, मुंबईची नेव्हीवाल्यांची पोरगी, ऑटिझम आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सी लिंक ते गेटवे ३६ किलोमीटर ८ तास ४० मिनिटांत पोहली, २०२२ मध्ये पंतप्रधान बाल पुरस्कार मिळाला, जुलै २०२४ मध्ये इंग्लिश खाडी १७ तास २५ मिनिटांत. करमाळ्याकडचा सुयश जाधव, विजेच्या धक्क्याने दोन्ही हात कोपराखाली गेले, २०१८ ला जकार्ताच्या पॅरा एशियाडमध्ये बटरफ्लायला गोल्ड, नंतर अर्जुन पुरस्कार. नागपूरची कांचनमाला पांडे, दिसत नाही, २०१७ ला मेक्सिकोत वर्ल्ड पॅरा स्विमिंगला गोल्ड. आणि सगळ्यांचे आजोबा म्हणजे आमच्या वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर, लष्करात ईएमईला म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होते, मूळचे बॉक्सर, १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून अधू झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदात मारून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड घेऊन आले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, ते सोडा. माझ्यासारख्या मशीनवर हात काळे केलेल्या माणसाला ईएमईवाल्याचा जास्तच अभिमान.

या सगळ्यांना साष्टांग दंडवत. पण यांच्या बातम्या वाचून लोक मला विचारतात, मग तुमचा कधी खाडी पोहणार. अहो तो खाडी कशाला पोहेल. त्याला अर्धा तास पाण्यात आनंदाने राहता आलं, आपला नंबर येईपर्यंत बाकड्यावर थांबता आलं, टॉवेल स्वतः गुंडाळता आला, तर आमची खाडी पार झाली. बाकीची हजारो पोरं टँकवर जातात त्यातली किती ऑलिम्पिकला जातात? त्यांना कोणी विचारत नाही. आमच्या पोराने मात्र टँकवर पाय ठेवला की लगेच मेडलच आणायला पाहिजे, नाहीतर घरी बसावं, असा काहीसा हिशोब दिसतो. पेटकरांचा पुतळा उभारतील, फ्लेक्स लावतील, पण त्याच फ्लेक्सखालच्या टँकवर सीपीच्या मुलीला उतरायला धड पायऱ्या नाहीत.

हो, आता गेटवर येतो. आमच्या जवळच्या सार्वजनिक टँकचा फॉर्म आणला. त्यात डॉक्टरने सही करायची ओळ अशी की अर्जदारास कोणताही संसर्गजन्य, मानसिक अथवा फिटचा आजार नाही. एकाच ओळीत खरूज आणि ऑटिझम. फॅमिली डॉक्टर बिचारे म्हणाले मी यावर सही कशी करू, खोटं लिहू का. खिडकीवरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, असल्या मुलांची जबाबदारी कोण घेणार. मी म्हटलं मी घेतो, मी स्वतः पाण्यात उतरतो, तर नियम असा की पालकांनी काठाच्या रेलिंगबाहेर थांबावं, आणि उतरायचंच असेल तर वेगळी मेंबरशिप आणि तीही सीनियर सिटिझनच्या पहाटेच्या बॅचला. म्हणजे आजोबा पहाटे पोहणार, नातू दुपारी, आणि सांभाळायचं कोणी कोणाला?

कपडे बदलायची खोली हा तर वेगळाच विषय, ज्याच्या घरात असं मूल नाही त्याला कळणारच नाही. शनिवारी मी नसलो की सूनबाई नेणार. अकरा वर्षांचा मुलगा, उंचीला तिच्या खांद्यापर्यंत आलेला, लेडीज चेंजिंगमध्ये नेता येत नाही, बायका ओरडतात आणि त्यांचंही बरोबरच आहे. जेंट्समध्ये ती जाऊ शकत नाही. त्याला एकट्याला पाठवलं तर तो चड्डी न घालता बाहेर येईल किंवा शॉवरखाली तासभर बसेल, आणि आत कोण कसा आहे ही भीती वेगळीच. मग ती गाडीत, मागच्या सीटवर, काचेला टॉवेल लावून ओल्या पोराचे कपडे बदलते. वॉकरवाल्या मुलीच्या बाबांचा हाच प्रॉब्लेम उलट्या बाजूने. यासाठी संगमरवरी काही लागत नाही हो, एक खोली, आतून कडी, बसायला बाकडं, दारावर लिहा फॅमिलीसाठी. म्हाताऱ्या आईला घेऊन येणाऱ्या मुलाला पण ती उपयोगी पडेल.

शिडीचं तसंच. जुन्या टँकना उभी लोखंडी शिडी, हात-पाय धड असलेल्यांसाठीच केलेली. वॉकरवाल्या मुलीला सध्या आम्ही लांबच्या एका शाळेच्या टँकवर नेतो, तिथे कोपऱ्यात रुंद पायऱ्या आणि बार आहे, तेवढ्यावर ती पोरगी स्वतः उतरते, तिला कोणी उचलत नाही. उचलून ठेवणं आणि स्वतः उतरणं यातला फरक तिला विचारा. दर रविवारी आम्ही चार-पाच घरं तिथे ओळखीपाळखीने जमतो, शाळेचे उपकारच आहेत, पण येऊन-जाऊन तीन तास मोडतात आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना ते जमतच नाही. आणि फायदा फक्त पोरांना होतो असं समजू नका. पोरं पाण्यात असली की आया काठावर बसतात, युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र अडकलंय तर कुठे जायचं, निरामय या दिव्यांगांच्या आरोग्य विम्याचा फॉर्म कसा भरायचा, कुठली शाळा घेते, कुठली गोड बोलून वाटेला लावते, सगळी माहिती तिथे मिळते. एकीने सांगितलं, पोराला डायग्नोसिस झाल्यापासून पहिल्यांदाच ती अशा ठिकाणी बसली होती जिथे त्याच्याबद्दल कोणाला सॉरी म्हणावं लागलं नाही.

विरोध करणारे दोन मुद्दे हमखास काढतात. पाणी घाण करतील, आणि आमची मुलं घाबरतात. पहिल्याचं उत्तर, ज्यांना कंट्रोल नाही त्यांच्यासाठी पोहण्याचे डायपर मिळतात, आम्ही घालतो, आणि उतरण्याआधी टॉयलेटला नेऊन आणतो. बाकी उन्हाळी बॅचला सहा-सात वर्षांची दीडशे पोरं उतरतात तेव्हा त्या पाण्यात काय काय असतं हे जीवरक्षकाला विचारा, तो हसून सांगेल. दुसऱ्याचं उत्तर, घाबरणारी मुलं दोन दिवसात मित्र होतात, घाबरलेले आईबाप मात्र वर्षभर तसेच राहतात. आमच्याच नातवाला एका सात वर्षांच्या पोरीने गॉगल लावायला शिकवलं, मला आणि ओटीच्या मॅडमना जमलं नव्हतं ते. ती आधी स्वतः लावायची, मग काढून त्याच्या हातात द्यायची, पट्टा कानावर चिमटला की परत सैल करायची, वैतागायची नाही.

पैशाचं म्हणाल तर महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत, सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो बहुतेक वाटपात जातो, स्टेज, हार, सायकल, शिलाई मशीन, फोटो. वाटप करा, गरजूंना लागतंच. पण त्यातल्या थोड्या पैशात एका टँकला पायऱ्या, बार आणि ती एक खोली होऊन जाईल आणि ती वर्षानुवर्षं वापरता येईल. शिवाय २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात आधीच्या ७ ऐवजी २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, ऑटिझम त्यात स्पष्ट आहे, आणि कलम ३० खेळांबद्दलच आहे, खेळाच्या सोयी या लोकांना वापरता येतील अशा बदलून घ्या असं सरकारलाच सांगितलंय. मी वकील नाही, पण आमचा फॉर्म नाकारताना निदान ते कलम तरी कोणीतरी वाचलेलं असावं अशी अपेक्षा आहे.

तर मागणं असं. आठवड्यातून दोन दिवस तरी दुपारचा एक तास या मुलांसाठी ठेवा, त्या तासाला स्पीकरवरची गाणी बंद, शिट्टी फक्त खऱ्या इमर्जन्सीला. प्रत्येक मुलाबरोबर एक मोठं माणूस पाण्यात उतरू द्या आणि त्याचं वेगळं तिकीट लावू नका. फॉर्ममधली ती ओळ बदला, त्याऐवजी डॉक्टरने लिहावं की पाण्यात काय काळजी घ्यायची, फिट येते का, मान कशी, हृदय कसं. टँकच्या कोचेसना आणि जीवरक्षकांना चार दिवस एखाद्या ओटीकडून ट्रेनिंग द्या, शहरात थेरपिस्ट आहेत, बोलावलं तर येतील, आमच्या मॅडम तर फुकट यायला तयार आहेत. दिसत नसलेल्या मुलांसाठी लेनचा दोर असतोच, काठ जवळ आला की मऊ टोकाच्या काठीने टॅप करणारा माणूस लागतो, ते काम कॉलेजची पोरं आनंदाने करतील, एनएसएसवाल्यांना विचारून बघा. आणि जे कोच स्वतःहून तयार होतील त्यांनाच या बॅचला घ्या, ड्युटी लावलेला, घड्याळ बघणारा माणूस आम्हाला नको.

हे सगळं आम्ही पाच पालकांनी सह्या करून क्रीडा विभागात दिलंय, पोच घेतलीय, उत्तर नाही. टँक दुपारी तीन ते चार रिकामाच असतो, साफसफाई सकाळच्या बॅचनंतर होते, मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसून बघितलंय. उन्हाळी बॅचचे फॉर्म सुटायच्या आत हे पत्र छापलंत तर यंदाच्या मे महिन्यात काहीतरी होईल, नाहीतर परत पुढच्या वर्षीच्या पुरवणीची वाट बघायची. इतर गावांत, इतर टँकवर कोणी अशी बॅच चालवत असेल तर त्यांनी तुमच्याकडे कळवावं, नियम कसे केले, माणसं कुठून आणली, ते आम्हाला बघायचंय, गाडीखर्च आमचा.

आपला,
एक वाचक आजोबा
(नाव, पत्ता आणि फोन सोबत पाठवला आहे, तो छापू नये. पालकांनी संपर्क करायचा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत करावा.)